तीन दिवस आठ अंडी

लीबफेल्डच्या चर्चच्या तळघरात, महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, अल्विना ब्रुनगार्ट जोडप्यांना शिकवायची. लग्न ठरलेली पोरंपोरी आणि चार-पाच लेकरांनी दमलेली नवरा-बायको एकाच बाकावर खाली मान घालून बसत. अल्विना शेतकऱ्याची बायको, पाच मुलांची आई. गावातल्या तरण्या बायका तिला व्हेस म्हणत, म्हणजे मावशी. तिची भाषाही स्वयंपाकघरातलीच. पहाटे जाग आली की पाय जमिनीला लागायच्या आत, पाणी पिण्याच्या आत, नवऱ्याशी भांडण्याच्या आत थर्मामीटर तोंडात ठेवायचं, असं ती सांगे. पाच मिनिटं. मग आकडा चौकटीच्या कागदावर. बाईचं बीज सुटलं की अंग चार दशांशांनी तापतं आणि पाळी येईपर्यंत तसंच तापलेलं राहतं. वरचे आकडे सलग तीन दिवस आले की तिसऱ्या संध्याकाळपासून मोकळीक. मूल हवं असेल त्यांनी आधीचे दिवस साधायचे, नको असेल त्यांनी टाळायचे. त्यात देवाचा नियम मोडत नाही, नवऱ्याचा संयम तेवढा मोडू नये, असं ती म्हणायची, आणि मागच्या बाकावरून एखादा बाप्या हळूच खोकायचा.

कागद बघताना ती प्रत्येकीला तीनच प्रश्न विचारी. ताप होता का? झोप झाली होती का? काच तीच ना? काच म्हणजे थर्मामीटर. प्रत्येक काचेचा आपला स्वभाव असतो. एक थोडी चढी दाखवते, एक थोडी उतरती. महिनाभर एकच वापरली तर बिघडत नाही, मध्येच बदलली की कागद खोटं बोलतो. म्हणून ती देईल त्या काचेच्या डोक्याला स्वतःच्या हाताने लाल दोरा बांधून द्यायची.

लिओना लाइकर तिच्याकडे आली ती अशी हौसेने नाही. वय सत्तावीस, पाच वर्षांत तीन लेकरं. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेलेला, त्याने हृदयाची झडप आवळली होती, आणि ते कळलं तिसऱ्या बाळंतपणात. फुप्फुसात पाणी भरलं. पाद्रीबाबांनी येऊन मरणाऱ्याला लावायचं शेवटचं तेलही लावलं. ती वाचली, पण शहरातल्या डॉक्टरने तिचा नवरा उर्बन याला बाहेर बोलावून सांगितलं की चौथ्याला हिचं हृदय टिकणार नाही. मूल न होण्याच्या गोळ्या देऊ केल्या. उर्बन आणि लिओना दोघांनी रात्रभर विचार केला आणि गोळ्या नको म्हटल्या. त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. मग राहिला अल्विनाचा कागद.

अल्विनाने तिला सगळ्यांपेक्षा कडक धरलं. पाळीनंतरचे दिवससुद्धा तुला नाहीत, फक्त तीन उंच आकड्यांनंतरचे, तेही मला विचारून, अशी ताकीद दिली. दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं.

आता विचारायचं म्हणजे टेलिफोनवर, आणि तिथे पंचाईत होती. सात घरांत मिळून एक तार. कोणाचाही फोन वाजला की उरलेल्या सहांपैकी निदान दोघी कानाला लावून बसणार. त्यातही कुनिगुंडा श्मिट तर श्वाससुद्धा ऐकू येईल इतकी जवळ बसायची. म्हणून दोघींनी अंड्यांची भाषा ठरवली. सत्त्याण्णवच्या वर जेवढे दशांश, तेवढी अंडी. सत्त्याण्णव पॉइंट चार असेल तर चार अंडी. अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन असेल तर बारा. आणि कोंबड्या बसल्या म्हणजे मोकळीक.

एकोणसत्तर सालचा जून. गव्हाची कापणी सुरू झाली होती. आकाश पितळेसारखं तापलेलं, वारा थांबत नव्हता. अल्विनाच्या घरी कापणीवाली अकरा माणसं जेवायला होती, आणि ती भट्टीतून कोबी-मटणाचे पाव काढत असताना फोन वाजला.

लिओना म्हणाली, "व्हेस, तीन दिवस झाले. आठ, आठ, आठ."

"आधी?"

"त्याआधी चार. कधी तीन."

अल्विनाने कागद पाहिला नव्हता, पण चारवरून आठ, तेही तीनदा. पाळीपासूनचा चौदावा दिवस. लिओनाचं अंग नेहमी सोळाव्या-सतराव्याला चढायचं, एवढं तिच्या मनात चमकून गेलं. तापाचं तिने विचारलं, घरात कोणी आजारी नाही ना म्हणून. झोपेचंही विचारलं. तिसरा प्रश्न तिच्या ओठांवर आला. पण अंड्यांच्या भाषेत काच कशी विचारणार? टोपली तीच आहे ना, असं विचारावं की काय, एवढ्यात तारेवर तिसराच आवाज आला.

कुनिगुंडा म्हणाली, "लिओना, या उन्हात तुझ्या कोंबड्या आठ-आठ देतात? माझ्या तर तीनवर आल्यात. खायला काय घालतेस गं?"

"कुनिगुंडा, फोन खाली ठेव. कोंबड्यांना जास्त पाणी पाज," अल्विना म्हणाली. मागे पाव करपल्याचा वास आला. तिने घाईने लिओनाला सांगितलं की ठीक आहे, कोंबड्या बसल्या, काळजी नाही. आणि फोन ठेवला.

त्या दिवशी सबंध दुपार तिला काहीतरी विसरल्यासारखं वाटत राहिलं. मीठ घातलं का, फाटक लावलं का, असं ती तपासत राहिली. सगळं जागच्या जागी होतं.

जुलैच्या मध्यावर, कापणी संपल्यावर, लिओना कागद घेऊन आली. चेहरा ओढलेला. पाळी लांबलीय, पण उन्हातान्हात लांबते कधी कधी, असं तीच म्हणाली. अल्विनाने टेबलावरचं पीठ पुसलं आणि कागद पसरला.

अंगाला एकच पायरी असते. खालचे आकडे, मग एक पायरी, मग वरचे. या कागदावर दोन पायऱ्या होत्या. अकराव्या दिवसापर्यंत चार. बाराव्यापासून आठ. आणि सतराव्या दिवशी पुन्हा चढून बारा, आणि मग बाराच बारा. अल्विनाने पेन्सिलीचं टोक सतराव्यावर ठेवून मोजायला सुरुवात केली. चौदा उंच दिवस, सोळा. त्यापुढे बाईचं अंग उंच राहत नाही, एक कारण सोडलं तर. अठरा. वीस. आज सदतिसावा दिवस, एकविसावा उंच.

तिने कागदाची घडी घातली. म्हणाली, घरी चल, मला तुझी काच बघायची आहे.

लाइकरांच्या स्वयंपाकघरात उर्बनची आई अपोलोनिया शेवया लाटत होती. बहात्तर वर्षांची, कापणीच्या मदतीला म्हणून जूनमध्ये आलेली ती अजून तिथेच होती. अल्विनाने एका पेल्यात हाताला सोसेल एवढं कोमट पाणी घेतलं. लिओनाची काच आणि आपली काच दोन्ही झटकून त्यात उभ्या केल्या. पाच मिनिटं थांबायचं होतं. लाटण्याचा आवाज मध्येच थांबला.

पाणी एक. अल्विनाची काच सत्त्याण्णव पॉइंट सहा. लिओनाची अठ्ठ्याण्णव.

लिओनाच्या काचेला लाल दोरा होता. पण अल्विना दोन गाठी मारायची, ही एकच होती.

तिने वर पाहिलं. अपोलोनियाचे हात पिठात तसेच राहिले होते, आणि डोळे पेल्यावर.

"बिघडली का काच?" लिओनाने विचारलं.

"काच म्हणजे काच," अल्विना म्हणाली. 

मग कपडे वाळत घालायच्या निमित्ताने अपोलोनियाने तिला अंगणात नेलं आणि चादरींच्या आडोशाला सगळं सांगितलं. खोली झाडताना तिला ती काच दिसली. लहान मुलांच्या घरात असली वस्तू स्वच्छ हवी म्हणून तिने ती उकळत्या पाण्यात धुतली, आणि ती तडकली. पारा फरशीवर मण्यांसारखा पळाला. याला हात लावू नका, असं सुनेने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हाताऱ्या माणसाला आपल्या हातून मोडलं हे सांगवत नाही. दुसऱ्याच दिवशी ती शेजाऱ्यांच्या गाडीतून गावात गेली, औषधाच्या दुकानातून तसलीच आणली, जुना लाल दोरा सोडवून हिला बांधला.

"तसलीच होती गं. त्याच डबीतली," ती म्हणाली. "उर्बनला सांगू नकोस. तो माझ्याशी बोलणार नाही पुन्हा."

अल्विनाला तिचा राग यायला हवा होता. पण तिला ऐकू येत होता तो फोनवरचा आपलाच आवाज. कोंबड्या बसल्या, काळजी नाही.

आत जाऊन तिने लिओनाला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. बाळ आहे. तीन आठवड्यांचं. चूक माझी, मी फोनवर एक प्रश्न गिळला.

लिओनाने पेल्यातून आपली काच काढली आणि पुसून डबीत ठेवली. मग म्हणाली, "व्हेस, गव्हाची पेरणी होईपर्यंत यांना सांगू नका. जमिनीकडे लक्ष राहणार नाही त्यांचं."

पेरणी झाली. उर्बनला कळलं. त्यानंतर चर्चच्या पायऱ्यांवर अल्विना समोर आली तरी तो टोपी काढेनासा झाला. डॉक्टरने लिओनाला अंथरुणावर घातलं. अपोलोनिया मुलांसाठी राहून गेली. अल्विना रोज सकाळी साडेसहाला फोन करायची. तिने आकडा विचारायचा आणि लिओनाने सांगायचा, पण आता तो उशांचा होता. आडवं पडलं की लिओनाला बुडाल्यासारखं व्हायचं, म्हणून पाठीमागे उशा लावून झोपावं लागे. जितक्या उशा तितकी अंडी.

सप्टेंबरात दोन. ऑक्टोबर संपता संपता तीन. नाताळच्या आदल्या आठवड्यात चार.

"हिवाळ्यात सगळ्यांच्या कोंबड्या बंद पडतात आणि हिच्या वाढतायत," कुनिगुंडा तारेवरून म्हणाली. "नशीब लागतं."

 जानेवारीत पाच झाल्या, आणि लिओना आकडा सांगायच्या आधी दोनदा दम घ्यायची. एकदा ती म्हणाली, आता बसूनच झोपते, ती किती अंडी धरायची? अल्विनाने फोन ठेवल्यावर ओट्याला धरून अर्धी जपमाळ केली, आणि उरलेली अर्धी कुठे राहिली ते तिला आठवेना.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी फोन बराच वाजला. उचलला अपोलोनियाने.

"आज अंडी नाहीत," ती म्हणाली.

पहाटे रुग्णवाहिका येऊन लिओनाला घेऊन गेली होती. ओठ निळे पडले होते. अल्विना तडक लाइकरांच्या घरी गेली. दुपारी दवाखान्यातून उर्बनचा निरोप आला. मुलगी झाली, पावाच्या लादीएवढी, काचेच्या पेटीत ठेवलीय. लिओना शुद्धीवर नाही. डॉक्टर म्हणतात तीन दिवस जाऊ द्या, मग बोलू.

तीन दिवस. हेच शब्द अल्विनाने तळघरात किती वेळा उच्चारले होते.

तिसऱ्या संध्याकाळी ती लाइकरांच्या स्वयंपाकघरातच होती. मुलं शेजारच्या खोलीत. अपोलोनिया बटाटे सोलत होती. बाहेर बर्फाचे बारीक कण खिडकीवर घासत होते. सहाची प्रार्थनेची घंटा होऊन गेली होती. सव्वासहाला घंटा पुन्हा वाजली, एकच मोठी, आणि थांबून आणखी एक.

लीबफेल्डमध्ये कोणी गेलं की जेवढं वय तेवढे टोले पडतात.

अपोलोनियाने सुरी खाली ठेवली. दोघी एकमेकींकडे न बघता मोजू लागल्या. दहा. फोन उचलून बघावा, पण तारेवर कुनिगुंडा बोलत असणार. पंधरा. आता लहान मूल किंवा कोवळं पोर नव्हे, एवढं नक्की. वीस. उर्बनने पाद्रीबाबांना कळवलं असेल तर घंटाच आधी ऐकू येणार. सत्तावीस. अल्विनाने टेबलाची कड धरली. अठ्ठावीस.

एकोणतीस. लिओनाचं वय.

मग शांतता. घंटा वाजवणारा म्हातारा प्रत्येक टोल्यानंतर श्वास घ्यायला थांबतो, हे दोघींना ठाऊक होतं. तरी ती शांतता संपेना.

टोला पडला.

"तीस," अपोलोनिया म्हणाली.

"तीस," अल्विना म्हणाली.

एकतीस. बत्तीस. अल्विनाला हसू फुटलं. आवरेना. अपोलोनियाने आपल्या ओल्या हातांनी तिचे हात धरले आणि तीही हसली. चाळीस झाले, पन्नास झाले, घंटा कोणासाठी तरी वाजतच होती, आणि त्या दोघी स्वयंपाकघरात हसत होत्या. साठीनंतर अपोलोनियाचं हसू हळूहळू विरलं.

"पीयूस गोएट्झ असेल," ती म्हणाली. "आठवड्यापासून धापा टाकत होता बिचारा."

एक्याऐंशी टोले झाले. शेवटचे वीस दोघींनी गुडघ्यांवर बसून मोजले.

"लिओना आली तर काचेचं मी सांगेन," अपोलोनिया उठताना म्हणाली.

"आली की सांगा, व्हेस अपोलोनिया," अल्विना म्हणाली. "आली तर म्हणू नका."

ईस्टर उलटल्यावर लिओना घरी आली, वजन निम्मं आणि चाल म्हातारीची. बाळ तिच्यामागे तीन आठवड्यांनी आलं. अपोलोनियाने सांगितलं. उर्बन दोन महिने आईशी बोलला नाही, मग बोलू लागला. अल्विनासमोर तो पुन्हा टोपी काढू लागला, पण तेवढंच. तळघरातला वर्ग तिने सोडला नाही. आता ती आधी एका पेल्यात दोन काचा उभ्या करून दाखवते, आणि तिसरा प्रश्न पहिला विचारते. तारेवर कोण ऐकतंय याची पर्वा करत नाही.

आणि दर फेब्रुवारीत ती पीयूस गोएट्झच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये एक मिस्सा, त्याच्या नावाची उपासना, अर्पण करते. ना नात्याचा, ना शेजारचा. त्याच्या मुलांनी एकदा दोनदा तिला कारण विचारलं. एक ऋण आहे, एवढंच ती म्हणाली. तो गेला त्या संध्याकाळी त्याच्या तिसाव्या टोल्यापासून प्रत्येक टोल्याला ती सुखावत गेली होती, हे तिने पाद्रीबाबांना कबुलीच्या जाळीआडून एकदा सांगितलं, आणि पुन्हा कोणालाच नाही.