मामींच्या चहाचं पाणी

पाण्याचा घोट तोंडात धरून मामा डोळे मिटायचे. समोरच्यानं उगाच श्वास रोखून उभं राहायचं. मग घोट गिळून निकाल यायचा, "पाणी चांगलं हाय ताई. चहाचं न्हाई."

परभणीत आमच्या शेजारचे हे मामा. चहाबाज तुमच्याही गल्लीत असतील, पण मामांचं हे खूळ मामींच्या आजारपणातलं. लांबलेल्या तापातून मामी उठल्या त्या अन्नावरची वासना उडूनच. चहाशिवाय जिचा दिवस उजाडत नसे, ती बाई कप बाजूला सारायची. "तोंडाला लागंना," एवढंच म्हणायची. बाई वाळत चालली होती आणि मामा पार धास्तावले होते. चहा घशाखाली उतरला तर मागून दोन घासही उतरतील, ही त्यांची आशा.

त्यांनी सगळा दोष नळाला दिला. वाटीत साबण घोळून बघायचे. फेस चटकन आला की पाणी हलकं, नाही आला की जड. मग नळाचं पाणी उकळायचं, निवळायचं, त्यात जारचं मिसळायचं. त्याचा चहा चाखायला मी. माझं पित्त खवळायचं, पण त्या माणसाला नाही कोण म्हणणार? पाणी हलकं होत गेलं, मामी कप सारतच राहिल्या.

शेवटी मामा नरसिंहाला साकडं घालायला पोखर्णीला निघाले. मामींजवळ माझ्या सासूबाईंना बसवून मीही गेले. मामींचं माहेर तिथलंच. त्यांच्या भावजयीनं आडाचं पाणी दिलं. चांगलं मचूळ होतं. मामांनी घोट घेतला आणि मटकन बाजेवर बसले.

"दुखण्यात जिभेला माहेर आठवतंय ताई. अन् मी येडा पाणी गोड करायलोय."

येताना बाटलीभर पाणी नमुन्याला आणलं. मग नळाच्या पाण्यात आमच्या बोअरचं जड पाणी थोडं थोडं घालत बसले. मी त्यानं भांडी घासते, हो! दोन्ही वाट्यांत फेस सारखा आला, तेव्हा कुठे आधण ठेवलं.

मामींनी घोट घेतला. थांबल्या. आणखी घेतला.

"वैनी आली का? तिनं केला?"

"हां, तिनंच," मामा म्हणाले.

"मग तिला म्हणावं, सकाळची पोळी असंल तर दे. बुडवून खाते."

मामा पोळी आणायला आत गेले ते येईचनात. मी डोकावले. पोळ्यांचा डबा पोटाशी धरून मामा ओट्यापाशी रडत उभे होते.