मामाच्या मोबाईलवरचा ओटीपी

मी दातांची डॉक्टर होणार की नाही, हे वालूरच्या एका रुसलेल्या माणसावर अवलंबून होतं. तो माणूस म्हणजे माझा सख्खा मामा.

माझं आधार कार्ड काढलं तेव्हा आमच्या अख्ख्या खानदानात मोबाईल एकच, मामाचा. साहजिकच नंबर त्याचाच दिला. पुढे घरात मोबाईल आले, पण आधारवरचा नंबर बदलून घे म्हटलं की मी म्हणायचे, बघू उद्या. (शाळेत मला वक्तशीरपणाचं बक्षीस मिळालंय, हे इथं सांगायला नको.)

मधल्या काळात थोरल्या बहिणीच्या लग्नात फेटे कमी पडले आणि नेमकं नवरीच्या मामाचंच डोकं उघडं राहिलं! त्यानं विचारलं, तर पप्पा म्हणाले, "उन्हाळा हाय. डोक्याला तेवढीच हवा." मामा न जेवताच निघून गेला. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद.

आणि मग मला बीडीएसला सीट मिळाली. पप्पांचं गंगाखेडला गणवेश शिवायचं दुकान. त्या कॉलेजची फी भरायची तर अख्ख्या जिल्ह्याच्या चड्ड्या शिवाव्या लागल्या असत्या. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तर डॉक्टर, नाहीतर काजं-बटणं! अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी आई, पप्पा आणि मी ऑनलाइन सेंटरवर जाऊन बसलो. सेंटरवाल्या ताई म्हणाल्या, आधारच्या नंबरवर ओटीपी गेलाय, सांगा. आमची तोंडं बघण्यासारखी झाली.

मामाला फोन कोणी करायचा? मला नामी युक्ती सुचली. ताईंच्या फोनवरून, आवाज बदलून, मी शिष्यवृत्ती विभागाची मॅडम झाले आणि गोड आवाजात ओटीपी मागितला. मामानं पोलिसात द्यायची धमकी देऊन फोन ठेवला. (त्याच आठवड्यात गावात सायबर फसवणुकीवर कार्यक्रम झाला होता आणि तो पहिल्या रांगेत बसला होता.)

मग ताईंनी नवा ओटीपी पाठवला आणि आईनं ताईंच्याच फोनवरून फोन लावला. तर मामा म्हणे, हल्ली हे लोक बहिणीचा आवाजसुद्धा काढतात. खरी अक्का असशील तर सांग, शाळा बुडवून मी कुठं लपायचो? आईनं ठामपणे सांगितलं, कापसाच्या ढिगात. मामाच्या मते तुरीच्या शेतात. फोन बंद!

"अगं, तुरीत तर मी लपायचे," आई रडकुंडीला येऊन मला म्हणाली.

आता शेवटचा ओटीपी. हा वाया गेला की पोर्टल उद्यापर्यंत बंद, आणि उद्या अर्जच बंद. पप्पांनी एकदा माझ्याकडे बघितलं, घसा खाकरला आणि फोन लावून स्पीकरवर टाकला. "जय भीम, गौतम. चुकलं माझं. फेटा पहिला तुला द्यायला पाहिजे होता."

माझे डोळे भरून आले. पप्पांना माफी मागताना मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.

मामा म्हणाला, "हा तर पक्का फ्रॉड हाय. आमचे दाजी असं बोलायचेच न्हाईत." आणि त्यानं फोन ठेवला.

पप्पा जे भडकले! पुन्हा फोन लावून ते गरजले, "माफी मागायलोय तर फ्रॉड म्हणतोस? बरं झालं तुला फेटा दिला न्हाई ते. त्या टकलावर टिकला असता का?"

मग मामा अगदी मायेनं म्हणाला, "जय भीम, दाजी. घ्या लिहून."

अर्ज गेला. आई मटकन खाली बसली, पप्पांनी सगळ्या सेंटरला चहा पाजला आणि माझ्या जिवात जीव आला.

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. अर्ज दरवर्षी भरावा लागतो, ओटीपी दरवर्षी मामाकडेच जातो आणि त्या निमित्तानं दाजी-मेहुणे आधी पोटभर भांडतात, मग एकमेकांना जेवायला बोलावतात. नातेवाईक कौतुकानं म्हणतात, पोरीनं मुद्दाम नंबर न बदलता दोन घरं जोडली. मी नम्रपणे मान खाली घालते. खरं सांगू? आधार केंद्राच्या रांगेत उभं राहायचा मला अजून कंटाळा येतो!