डोळा लागलेला पहारेकरी

औंढ्याच्या डोंगरात एक जुना टेहळणीचा बुरूज आहे. कुणी बांधला, कधी बांधला, नक्की कुणालाच ठाऊक नाही. बऱ्याच रविवारी मी हिंगोली-वसमतची हौशी मंडळी घेऊन तिथं चढतो. मी पडलो इतिहासाचा मास्तर. वर पोचलं की सगळे धापा टाकत माझ्या तोंडाकडं बघतात, आणि 'माहीत नाही' म्हणायची मला लाज वाटते.

तीनेक वर्षांपूर्वी असंच उचलली जीभ लावली टाळ्याला. पहाटे इथल्या पहारेकऱ्याचा डोळा लागला, शत्रू खालून निघून गेला, उजाडलं तेव्हा गाव जळत होतं, असं मी ठोकून दिलं. मंडळी एकदम गप्प झाली. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. पुढच्या खेपेपासून मी त्यात रडणारी लेकरंबाळं घातली. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो मोबाइलवरून गावोगाव फिरला.

डोंगराच्या पायथ्याला हळद पिकवणारं एक घर आहे. त्यांचा कुणी पूर्वज या बुरुजावर पहाऱ्याला होता. दसऱ्याला घरातलं वडीलधारं माणूस वर जाऊन त्याच्या नावानं दिवा लावतं. इतकी वर्षं त्यांच्या दारावरून गेलो, पण चार शब्द विचारावेत असं मला कधी सुचलं नाही.

यंदा दसऱ्यानंतरच्या रविवारी उतरताना त्या घरच्या बाबांनी मला हाक मारली, ओसरीवर बसवून चहा दिला. सुनेनं त्यांना व्हिडिओ दाखवला होता. यंदा दिवा लावला नाही, म्हणाले. मग खाली बघत विचारलं, "गुरुजी, त्याच्या झोपेपायी किती माणसं मेली, हे बी कुठं लिहून आहे का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती गोष्ट मीच मनानं रचली, कुठल्याही कागदात तसं काही नाही, असं मी त्यांना सांगितलं. दोनदा सांगितलं. त्यांचे पाय धरले.

त्यांनी मला उठवलं आणि पाठीवरून हात फिरवला.

"आमचं मन राखून राहिले तुमी, गुरुजी. शिकलेला माणूस असं खोटं उगंच काहून सांगंल?"