हापशीचा ढावलो

“सहभाग, सहभाग काय पुसून राह्यल्या मॅडम? हापशी कधी चालू होते, ते सांगा ना.”

“ते आमच्याकडे नाही, आजी. बैठकीत तुम्हाला बोलायला मिळालं का, एवढंच आम्ही तपासतो.”

“बोलली ना मी. गाऊन बोलली,” धनीबाई म्हणाली.

धनीबाईचा बंजारा तांडा जऊळका गावाच्या वरच्या अंगाला, माळावर. ती लग्न होऊन आली त्याच साली तिथं हापशी बसली. भर उन्हाळ्यातही आटली नाही, म्हणून भूजल मोजायच्या यंत्रासाठी नेमकी तीच निवडली. दांडा काढायचा, आत यंत्र सोडायचं, वर झाकण ठोकायचं. त्याआधी लोकांचं मत घ्यायचा नियम होता, म्हणून योजनेच्या साहेबांनी तांड्यावर बैठक घेतली.

तांड्याचा नायक प्रेमसिंग लगेच हो म्हणाला. दारी आलेल्या पाहुण्याले नाही म्हणणं त्याले जमत नाही. अन् नायक बोलल्यावर बाईमाणसानं बैठकीत तोंड उघडायचं नाही, हा तांड्याचा कायदा. गाण्याला तेवढी बंदी नाही.

धनीबाईनं ओढणी पुढं ओढली अन् ढावलो धरला. नवरी सासरी निघताना मायच्या गळ्यात पडून रडत म्हणते, तो ढावलो. तांड्यातल्या कोणत्याही लग्नात त्यासाठी धनीबाईच लागते. त्या दिवशी तिनं नवरीच्या जागी हापशी घातली. हिले नेऊ नका, हिच्यामागं लेकरं तहानेनं मरतीन. बाया हुंदके देऊन रडल्या. प्रेमसिंगानं मान खाली घातली. साहेब लोकांनी शूटिंग केलं अन् टाळ्या वाजवल्या. बंजारा बोली त्यांच्यातल्या एकालाही येत नव्हती.

आठवडाभरात झाकण बसलं.

आता तपासणीवाली आली म्हटल्यावर धनीबाईला वाटलं, चुकलेलं दुरुस्त होईल. मॅडमनं टॅबवर तेच शूटिंग लावलं. “यावरून महिलांच्या सहभागाला पूर्ण गुण दिलेत,” ती म्हणाली. धनीबाईनं एकेक ओळ थांबवून मराठीत सांगितली. मॅडमचा चेहरा उतरत गेला.

“मी हे सगळं लिहीन, आजी. गुण कमी करते.”

“गुण कमी केल्यानं झाकण निघते काय?”

“नाही. अहवाल पुढच्या योजनांसाठी असतो.”

“म्हणजे तो दुसऱ्या कोणत्या तांड्याच्या कामी येईन.”

“यायला पाहिजे.”

“तुले बी खात्री नाही, पोरी.”

बाजेवर बसलेला प्रेमसिंग खाकरला. “धनी, पाहुणीले चहा तरी ठेव.”

“कायच्यात ठेवू, नायक? माठ कोरडा हाय. तुमी हो म्हणाले तवापासून पाणी खालच्या विहिरीवरून आणा लागते.”

मॅडम म्हणाली, चहा नको. धनीबाईनं चुंबळ डोक्यावर ठेवली, पाण्याचा गुंड उचलला. हापशीच्या ओट्यावर कोणाची तरी बकरी झाकण चाटत होती. तिला हाकलून धनीबाई उताराला लागली.