होड्यांच्या चित्रासमोर सासूबाई

परवा खंडाळ्याच्या एका हॉटेलात होड्यांचं चित्र दिसलं आणि सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस आठवला. टाकव्याहून लोणावळ्याच्या दवाखान्यात आठवडाभर माझ्याच खेपा चालल्या होत्या. पट्टी काढून डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवलं. तिथं फिनेलचा आणि ओल्या छत्र्यांचा वास होता, आणि भिंतीवर असंच एक चित्र होतं: किनारा, होड्या, टोपल्या घेतलेल्या कोळणी. सासूबाईंना कित्येक वर्षं प्रत्येक वस्तू नाकाला लावून बघायची सवय, त्यामुळे त्या थेट चित्राला जाऊन भिडल्या आणि ओरडल्या, "आगं, डोळा गेला माजा! समदं फिसकटलंया!" सगळे पेशंट उठून उभे राहिले. मी दंड धरून त्यांना मागं ओढलं. "आत्याबाई, ते जवळून तसंच दिसतं, नुसते रंगाचे फटकारे. आता इथून बघा." त्या बघत राहिल्या. "व्हय की गं. होड्या हायेत. बायाबी हायेत." मग वळून त्यांनी मलाही तसंच निरखलं. "आन् तू कदी एवढी वाळलीस?" त्यांना काळा चष्मा घालून मी रिक्षा बघायला गेले. आता त्या नाहीत. घरात बाकी सगळ्यांचे डोळे चांगले आहेत, पण त्यांतल्या कोणी मला अजून तसं विचारलेलं नाही.