माझे बूट अंदमानला जाऊन आले

मंडळी, आज नुसता जळफळाट होतोय माझा. खोटं काऊन बोलू?

माझी धाकटी जाऊ भाजीबाजारालाही ऑटोनं जाते. अंदमानला निघाली तेव्हा माझे चालायचे बूट मागून घेऊन गेली. मी ते घालून रोज मलकापूरच्या रेल्वे पुलापर्यंत जाते, त्यापुढं कधी नाही.

आज दुपारी परत द्यायला आली. म्हणाली, "ताई, लय दाट जंगलातून पायवाट होती, अन् ती संपली तिथं एकदम निळा समुद्र. तुमचे बूट होते म्हणून चालता आलं मले."

मी हसून चहा टाकला.

ती गेल्यावर बूट झटकायला घेतले, तर आत पांढरी वाळू. झटकवेना. संध्याकाळी तसेच घालून पुलापर्यंत जाऊन आले. पायाला टोचत होती, तरीही.

तुम्हाला कधी स्वतःच्याच बुटांचा हेवा वाटलाय का?