खंडेनवमीला भवानी पेठेत

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका माजघरात, पूजेला मांडलेल्या हत्यारांमध्ये मला एक उघडी पेटी दिसली आणि माझं आयुष्य तिथंच फिरलं. पण सोलापूरला जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावं, म्हणून प्रवास पहिल्यापासून सांगतो.

मी बार्शीचा, शाळामास्तरांचा मुलगा. पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होतो. भीमेवर पूल बांधायचा, हे एकच वेड. गेल्या उन्हाळ्यात सोलापूरच्या एका गिरणीत, इंजिनघरातल्या तात्यांच्या हाताखाली उमेदवारी केली. जेवण त्यांच्याच घरी. वाढायला त्यांची मुलगी मालती. झालं! पुण्याला परतल्यावर पुस्तकात अक्षर दिसेना. "आधी इंजिनिअर हो, मग बघू," असं माझ्या लग्नाचा विषय निघाल्यावर तात्या हसत म्हणाले होते. पण तोवर थांबतो कोण? नोकरी धरायची आणि थेट मागणी घालायची, असं ठरवून कॉलेज सोडलं. नकाशे काढायची माझी पेटी खोलीतल्या मित्राला, वसंताला देऊन टाकली. तोही सोलापूरचाच, शेवटच्या वर्षाला; दसऱ्यासाठी आठवडाभर आधीच घरी गेला.

पुण्याहून सकाळची पॅसेंजर धरा, बसायला जागा मिळते. मी मध्ये कुर्डुवाडीला उतरलो. रेल्वे कारखान्यातल्या फोरमननं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कॉलेज सोडून कानस घासनार? डोकं ठिकानावर हाय न्हवं?"

तरी घेतलं. दसरा झाला की स्वतःची कानस घेऊन हजर व्हायचं. ती तिथल्याच बाजारात विकत घेतली. स्टेशनाबाहेरच्या खानावळीत भाकरी आणि शेंगाचटणी झकास मिळते. पण चटणी बेतानं घ्या, माझ्या कानांतून वाफा निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सोलापूर. खंडेनवमी होती. टांग्याचं भाडं बसण्याआधी ठरवा. मी घाईत ठरवलं नाही आणि दुप्पट दिलं. माझा इस्त्रीचा कोट बघून टांगेवाला हसला, "ससुराल जा रैं क्या, साब?"

"अजून नाही," म्हटलं, पण बरं वाटलं.

तात्या दारातच होते. "आलास व्हय! काय हाय रं हातात? कानस? आन हिकडं!" त्यांनी ती पाटावर, पान्या-हातोड्यांच्या रांगेत ठेवली. मी नमस्काराला वाकलो आणि पेटी दिसली. उघड्या झाकणाच्या आत कर्कटकाच्या टोकानं कोरलेला पूल. माझा पूल!

"ही पेटी कुणाची?"

"जावईबापूंची की," तात्या खुशीत म्हणाले. "वसंतरावांची. परवाच सुपारी फुटली. बोलला न्हाय तुला?"

वसंता! ज्याच्यापाशी मी रोज मालतीचंच पुराण लावायचो, तो?

मालती कुंकवाची वाटी घेऊन आली. मला राहवलं नाही. "मालती, तुझ्यासाठी मी कॉलेज सोडलं!"

तिचा हात थांबला. "मला विचारलं होतंत?"

एवढंच. मग तिनं पेटीला कुंकवाचं बोट लावलं आणि शेजारची माझी कानसही सोडली नाही.

मी पेटीवर झडप घातली. तात्यांनी मनगट धरलं. "खुळा का काय! पुजंतल्या हत्याराला आज हात लावायचा न्हाय. उद्या ने तुजी कानस. आता बस, पान वाढलंय."

उद्यापर्यंत त्या घरात बसू? कानस तिथंच राहिली, पेटीला टेकून. मी जोडे घातले, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.